मिरवणुकीतले घोडे जाडे कशाने झाले? काळ्या पट्ट्यांवरून वाद

कॅसेटवाला_शहापूर

निपाणीकरांनी काल शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची जुनी व्हीएचएस कॅसेट "4के एआय" करून, म्हणजे एआयने मोठी आणि धारदार करून, ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "बाजूला काळे पट्टे ठेवून बघायचं म्हणजे पैसे मोजून घेतलेला पाव टीव्ही झाकून ठेवायचा. फुल स्क्रीन करा, एआय मारा, मोकळे व्हा." लगेच अंगठ्यांचा पाऊस. तिथं उत्तर दिलं तर वाहून जाणार, म्हणून इथं लिहितो.

तो व्हिडिओ ताणलेला आहे. पहिल्या चित्ररथाचं चाक थांबवून त्यावर पट्टी लावा. उंची 9 सेंटिमीटर भरली तर रुंदी 12 भरेल. जुन्या टीव्हीचं 4:3 (रुंदी:उंची) चं चित्र नव्या टीव्हीच्या 16:9 मध्ये कोंबलं की रुंदी बरोबर एक तृतीयांशाने वाढते, म्हणून घोडे म्हशीसारखे आणि लेझीमवाली पोरं पहिलवान दिसतात.

हे कुठं झालं तेही सांगतो. व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना एचडीएमआय करणारी जी छोटी डबी मिळते, ज्यावर 720 आणि 1080 चं एकच बटण असतं, तिच्यात आकाराची सोयच नसते. आत काहीही येऊ दे, ती 16:9 भरून बाहेर काढते. टीव्हीला वाटतं हे 1080 चं रुंद चित्र आहे. अशा वेळी टीव्हीवरच 4:3 लावायचं: सॅमसंगला पिक्चर साइज, एलजीला अस्पेक्ट रेशो, सोनीला वाइड मोड. डबी जेवढं ताणते तेवढंच टीव्ही आवळतो, हिशोब बसला.

आणि पाव टीव्ही झाकला म्हणून रडणाऱ्यांसाठी: 43 इंची टीव्हीवर 4:3 चं चित्र साधारण 35 इंचांचं उरतं. त्या काळात घरोघरी 21 इंची डबा होता. मग तुमचं नुकसान काय झालं म्हणे?

निपाणीकर

कॅसेटवाले, चाकाला पट्टी लावून मिरवणूक कोण बघतंय हो? घरात म्हातारी माणसं बारा फुटांवर बसतात. त्यांना चित्र मोठं पाहिजे, भूमिती नको. शेजारच्या काकूंनी तो व्हिडिओ बघून भावाला ओळखलं आणि डोळे पुसले. त्यांना सांगा की 33 टक्के.

दुसरं, तुमचा उपाय तुमच्यापाशीच ठेवा. तुम्ही सांगितलं तसं 4:3 लावलं, आता सेट टॉप बॉक्सवर माणसं काटकुळी दिसालीत. घोडे जाडे परवडले.

केबल_अण्णा

निपाणीकर, काटकुळी दिसणारच. बॉक्स आणि डबी एक नव्हेत. बॉक्स 4:3 चॅनेलला स्वतःच पट्टे लावून 1080 चं चित्र बाहेर सोडतो. त्यावर तुम्ही टीव्हीवर परत 4:3 लावलं, म्हणजे दोनदा आवळलं. 4:3 चं चित्र चक्क चौरस होतं, 1:1. आवळणं कुठंतरी एकाच जागी पाहिजे. बॉक्सच्या मेन्यूत पिलर बॉक्स (बाजूचे काळे पट्टे) असेल तर तो ठेवा आणि टीव्ही 16:9 वर सोडा. बहुतेक टीव्ही प्रत्येक एचडीएमआयचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात, व्हीसीआरच्या इनपुटला 4:3, बॉक्सच्या इनपुटला 16:9.

आता विषय निघालाच आहे तर मराठी चॅनेलांचं बोला. आमच्या भागात बेसिक पॅकमध्ये कन्नडचा ढीग, आणि मराठी पाहिजे तर वर पैसे भरून वेगळं घ्या. त्यातही एसडी देतात, एचडी मागितलं की "बघतो सर". मग लोक एसडीच ताणून बघतात. दोष लोकांचा का?

कॅसेटवाला_शहापूर

अण्णा, दोष कुणाचा ते राहू दे. दोनदा आवळल्याचं तुमचं निदान बरोबर आहे.

चिकोडीची_लेक

फुल स्क्रीनवाल्यांचा दुसरा प्रकार झूम. त्यात ताण नाही, पण उंचीचा पाव भाग जातो. पालच्या (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) 576 ओळींतल्या वरून 72 आणि खालून 72 कापल्या, उरल्या 432. वर फेटे उडाले, खाली घोड्यांचे पाय आणि लग्नाच्या कॅसेटवर तारीख-नावं लिहिलेली असतात ती पट्टी. शिवाय त्याच 432 ओळी 4के टीव्हीच्या 2160 वर पसरायच्या म्हणजे पाचपट. पूर्ण चित्र पावणेचारपट होतं. मोठं करण्याच्या नादात आणखी धुरकट.

सगळ्यात वाईट वाइड झूम. मधलं चित्र बरोबर आणि कडा ताणलेल्या. माणूस मध्ये उभा असेल तर चालतं. मिरवणुकीत कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतो, घोडा मधोमध नीट असतो आणि कडेला गेला की फुगतो.

एका ठिकाणी मात्र झूम लावाच. जुना सिनेमास्कोप (खूप रुंद पडद्याचा) सिनेमा एसडी चॅनेलवर वर-खाली पट्ट्यांसह येतो, त्यात टीव्ही किंवा बॉक्स बाजूला पट्टे लावतो, चौकटीतला फोटो होतो. त्यात खऱ्या चित्राच्या ओळी साधारण 327 च असतात, त्यामुळे झूमने 432 ठेवल्या तरी काही कापलं जात नाही.

निपाणीकर

अगं बाई, म्हणजे झूमला परवानगी मिळाली! पेढे वाटतो.

खानापूर_रानमाणूस

तुम्ही सगळे आकारावर भांडालायत आणि खरी घाण दुसरीकडेच आहे. त्या व्हिडिओत ढोलावर टिपरी पडताना बघा, हाताला कंगव्याचे दात आलेत. फील्ड न सोडवताच एआयला घातलंय. पालमध्ये सेकंदाला 25 फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी, तीच दोन फील्ड. म्हणजे हालचाल 50 ची. ती आधी वेगळी केली नाही की एआयला तो कंगवाच खरा तपशील वाटतो, आणि तो प्रत्येक दाताला धार लावून देतो.

क्रम असा पाहिजे. आधी 720 गुणिले 576 ला इंटरलेस्डच, म्हणजे दोन्ही फील्ड आहेत तशी ठेवून, कॉम्प्युटरवर कॅप्चर. मग डीइंटरलेस करून, म्हणजे फील्ड सुटी करून, 50 फ्रेम. त्यासाठीचा फिल्टर वेळ असेल तर क्यूटीजीएमसी, नसेल तर बीडब्ल्यूडीआयएफ. 25 वर आणू नका, लेझीम अडखळते. फील्डचा क्रम तपासा: डीव्ही (डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्याचं पाल खालच्या फील्डपासून सुरू होतं, कॅप्चर कार्ड आणि डीव्हीडी बहुतेक वरच्या. उलटा लागला तर चालणारा माणूस दोन पावलं पुढं एक मागं असा थरथरतो. तळाशी आठ-दहा ओळींत हेड (टेप वाचणारा भाग) बदलतानाची जी फाटकी पट्टी येते ती कापू नका, काळी करा. कापली की गुणोत्तर बिघडतं. मोठं करणं त्यानंतर.

एचडीला नेताना रंगाची सारणीही बदला, एसडीच्या 601 वरून एचडीच्या 709 वर. नाहीतर भगवा वेगळाच दिसतो.

निपाणीकर

म्हणजे मोठं करायचंच! एवढा वेळ मग मला कशाला शिव्या घालालायत?

खानापूर_रानमाणूस

मोठं करायचं, पण कारणासाठी. यूट्यूब 50 फ्रेम फक्त 720 आणि त्याच्या वर दाखवतं. 576 चढवलं तर हालचाल अर्धी होते. म्हणून 960 गुणिले 720 किंवा 1440 गुणिले 1080 करा, साध्या लँक्झॉसने (एआय नसलेली, मोठं करायची गणिती पद्धत). काळे पट्टे फाइलमध्ये पक्के बसवू नका, टीव्ही आणि फोन आपापले लावून घेतात.

पाटीवाला

एआयने चेहरे मेणाचे केले ते एक वेळ सोडा. 4 मिनिटांनंतर रथ रामदेव गल्लीत वळतो तिथं थांबवा आणि मागची दुकानाची पाटी बघा. शिरोरेघ तीन जागी तुटली. वेलांटीचा आकडा झाला. जोडाक्षर होतं तिथं गाठ आहे. कानडी नाही, मराठी नाही, जगातली कुठलीच लिपी नाही. मूळ फ्रेममध्ये ती पाटी 20 ओळींची असेल, एका अक्षराला दहा-बारा पिक्सेल. धुरकट होती पण वाचता येत होती, कारण अर्धं डोळा भरून काढतो. एआयने डोळ्याला कामच ठेवलं नाही, खोटं अक्षर ठोकून टाकलं.

बेळगावात ही गोष्ट साधी नाही. 2014 च्या 1 नोव्हेंबरला गावाचं नाव कागदावर बदलून बेळगावी झालं, 2024 च्या कायद्याने पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. आधी गल्लीगल्लीत काय लिहिलं होतं ते असल्या कॅसेटींतच शिल्लक आहे. तिथंच तुम्ही रंधा फिरवलात.

केबल_अण्णा

पाट्या आता उरल्यात कुठं? दंडाच्या भीतीनं अर्ध्या लोकांनी आधीच उतरवल्या.

हुक्केरीचा_बसू

आमच्याकडं घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. त्या गल्लीत कन्नड पाट्याही होत्या, एआयने त्यांचंही तेच केलंय बघा, डावीकडची दुसरी. एआयला सीमाप्रश्न माहीत नाही. टीव्हीच्या धाग्यात आयोग, ठराव आणू नका.

पाटीवाला

आयोग कुणी आणला? मी पाटी वाचता येत नाही म्हणालो. तुम्हाला ते चालत असेल, आम्हाला नाही.

हुक्केरीचा_बसू

"आम्हाला" म्हणजे कुणाला? मीही मराठीतच लिहालोय ना इथं?

चिकोडीची_लेक

दोघं थांबा. दोन्ही पाट्या बिघडल्या ह्यावर तुमचं एकमत आहे, भांडण कशावर चाललंय?

निपाणीकर

बरं, पाटी बिघडली, मान्य. पण मूळ फाइल किती जणांनी उघडली असती? धुरकट म्हणून दहा सेकंदांत बंद केली असती. लोक बघतात म्हणून वस्तू टिकते. तुमची शुद्ध 576 तुमच्या हार्ड डिस्कमध्ये मरणार.

खानापूर_रानमाणूस

हा मुद्दा बरा आहे, पचायला जड आहे तरी. दोन्ही ठेवा मग. दाखवायला तुमची, जपायला मूळ. डीव्ही फाइल तासाला 13 जीबी होते, तीन तासांची कॅसेट 40 जीबीच्या आत. एवढ्यासाठी कुणी गरीब होत नाही. फक्त नावात "एआय" लिहा, म्हणजे उद्या कुणी त्यातली पाटी पुरावा म्हणून छापणार नाही.

यरमाळकर

ओएलईडीवाल्यांसाठी एक. काळ्या पट्ट्यांतले पिक्सेल बंद असतात, मधले झिजतात. रोज आठ-दहा तास 4:3 लावलं तर पुढं मधला चौकोन वेगळा दिसू शकतो. रविवारी एक कॅसेट बघितल्याने काही होत नाही. साध्या एलईडीला तर प्रश्नच नाही.

निपाणीकर

म्हणजे पट्ट्यांनी टीव्ही बिघडतो, हेच म्हणत होतो मी.

यरमाळकर

तुमचा एलईडी आहे. फोटोत मागं दिसतोय.

कॅसेटवाला_शहापूर

निपाणीकर, वाद पुरे. डबी सोडा, कॅसेट घेऊन या, चांगल्या कॅप्चर कार्डावर एस-व्हिडिओ पिनने (पिवळीपेक्षा स्वच्छ चित्र देते) परत काढू. तुमचा व्हीसीआर साधा असेल तर पिवळी पिनच मिळेल, तरी डबीपेक्षा बरं. टाइम बेस करेक्टर (हललेल्या ओळी जागेवर बसवणारं यंत्र) मिळाला तर खांब वाकडे दिसतात तेही सरळ होतील. तोवर टीव्हीवर बघताना शार्पनेस खाली आणा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगला ऑटो मोशन प्लस, एलजीला ट्रूमोशन, सोनीला मोशनफ्लो. ती चालू असली की लेझीम तेलात बुडवल्यासारखी दिसते.

निपाणीकर

देतो कॅसेट. पण पट्ट्यावाला व्हिडिओ माझ्या चॅनेलवर चढणार नाही, आत्ताच सांगतो.

खानापूर_रानमाणूस

वर लिहिलंय, पट्टे फाइलमध्ये नसतात. वाचायचे कष्ट घ्या.

कॅसेटवाला_शहापूर

आणण्याआधी परत व्हीसीआरमध्ये घालू नका. कॅसेटचं पुढचं झाकण उचलून आणि खिडकीतून टॉर्च मारून गुंडाळीच्या कडेला बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते.

निपाणीकर

बघितलं. एका बाजूला पांढरे ठिपके आहेत, पिठासारखे.

कॅसेटवाला_शहापूर

मग मशीन चालू करूच नका. बुरशी ड्रमला (हेड बसवलेला फिरता गोल भाग) लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. प्लास्टिकच्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, उन्हात नको. माझ्याकडे आली की खालचे पाच स्क्रू काढून रिळं बाहेर घेतो, दोन्ही बाजू मऊ कोरड्या कापडाने पुसतो आणि स्वच्छ कवचात बसवतो. आणि तुमच्या व्हीसीआरचं हेडही पुसायला लागणार. आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेलं चामडं ड्रमला नुसतं टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेड तुटतं.

निपाणीकर

चामडं कुठं मिळेल?

केबल_अण्णा

खडेबाजारात चष्म्याच्या दुकानात विचारा. कापूस वापरू नका, तंतू अडकतात.