कोल्हापूरहून रत्नागिरी एका दिवसात जमेल का? पाहुण्यांच्या पोराला बंदर बघायचंय

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून नणंद, तिचे मिस्टर आणि दोन पोरं येणार आहेत. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, न्यू पॅलेस सगळं मागच्या खेपेला झालंय. थोरला सहावीत आहे, त्याला जहाजांचं वेड लागलंय, फोनवर विचारतोय "मामी तुमच्याकडं पोर्ट आहे का", मी म्हटलं बाळा आमच्याकडं रंकाळा आहे, तर गप्पच बसला बिचारा. म्हणून रत्नागिरी करावी म्हणतोय. आमचे हे म्हणतात सरळ गणपतीपुळे गाठू, दर्शन, बीच, जेवण आणि रात्री घरी, दरवेळी करतो तेच. पण त्यात बंदर कुठं आलं? सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात, पायऱ्या जास्त नकोत. सकाळी निघून रात्री परत जमतं का, की मुक्काम करावाच लागेल? शहरात बघण्यासारखं नक्की काय आहे? खरं सांगायचं तर एवढ्या वेळा गेलोय पण रत्नागिरीत गाडीतनं खाली उतरलोच नाही कधी.

उद्यमनगरवाला
वहिनी, तुम्हीच नाही, अख्खं कोल्हापूर असंच करतंय. हातखंब्याला पोचलं की गाडी आपोआप निवळीकडं वळती आणि थेट पुळे. मी पण वीस वर्षं तेच केलं.

आता हिशोब बघा. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर, मलकापूर, आंबा, घाट उतरला की साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा. कागदावर अडीच तास, पण रस्त्याची कामं, घाट आणि पोरांचं "मामा थांबवा की" धरून साडेतीन पकडा. पहाटे पाचला निघालात तर साडेआठ-नऊला शहरात. फक्त शहर करायचं असलं तर एका दिवसात आरामात होतंय. शहर अधिक पुळे म्हणाल तर एक रात्र काढा, नाहीतर सगळा दिवस काचेतनंच बघायला लागंल. आणि ३१ डिसेंबरच्या आसपास पुळ्याला नुसती जत्रा असते, पार्किंगला जागा नाही, खोलीचे दर ऐकूनच भूक मरते. आधी बुकिंग नसंल तर तिकडं फिरकूच नका.

घाटात डिसेंबरात सकाळी धुकं असतंय, दहा फुटांवरचा ट्रक दिसत नाही कधी कधी, मेव्हण्यांना नागपूरच्या सरळ रस्त्याची सवय असंल तर स्टेअरिंग तुमच्या यांच्याकडंच ठेवा.

माहेर_रत्नागिरी
मी रत्नागिरीची, लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला पंधरा वर्षं झाली, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्या गावाला सगळे पुळ्याचा बायपास समजतात हे दुःख जुनं आहे.

पोराला बंदर बघायचंय ना, मग मिरकरवाड्याला न्या. ही मासेमारीची जेटी आहे, बीच नव्हे. एकाला एक चिकटून शेकडो होड्या, प्रत्येकीवर नाव रंगवलेलं आणि झेंडे, इंजिनांची धडधड, बर्फाच्या लाद्या मशीनमध्ये घालून चुरा करून खाली होडीत सोडतात, एका बाजूला मांडी घालून जाळी दुरुस्त करणारे लोक, बोटाच्या फटीतून सुई कशी फिरते तेच बघत बसावं. होड्या लागल्या की लिलाव. पाटी जमिनीवर आली की भोवती बायकांचं कडं होतं, आकडे इतक्या झटपट फिरतात की आपल्याला कळेपर्यंत माल उचललेला असतो. माझी आत्ये यायची इथे, ती भाव तोंडाने बोलायचीच नाही, नुसती मान हलवायची. होड्या कधी येतील ते तिथल्याच कुणाला आदल्या दिवशी विचारा, घड्याळ लावून येत नाहीत त्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तुम्ही डिसेंबरात येताय ते बरंच आहे. पायात जुन्या चपला घाला, सगळीकडे ओलं असतं आणि वास येणारच, नाक धरून फिरू नका म्हणावं, लोकांचं पोट आहे ते. सासूबाईंना मात्र गाडीतच बसू दे, तिथे पाय घसरतो.

तिथून रत्नदुर्ग जवळच. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, आकार घोड्याच्या नालासारखा, आत भगवतीचं देऊळ, एका टोकाला दीपगृह. गाडी बऱ्यापैकी वर जाते, थोड्या पायऱ्या आहेत, आजी हळूहळू चढतील. तटावरून खाली बघितलं की मघाशी ज्या होड्यांत उभे होतो त्याच काडेपेटीएवढ्या दिसतात, पोराला तेवढं एक दाखवाच.

गंमत म्हणजे आमच्याकडे काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन आहेत, वाळूच्या रंगावरून. मांडवीची वाळू काळी. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर निम्मं गाव बसलेलं असतं.

घाटावरचा
थिबा राजवाडा राहिला की. माझ्या मते शहरातली सगळ्यात भारी गोष्ट तीच. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, १८८५ ला इंग्रजांनी मंडालेहून उचलला आणि पुढच्या वर्षी इथं आणून ठेवला. मुद्दाम अशी जागा की जिथनं कुणाला सुटून जाता येणार नाही. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे पंचवीसेक वर्षं हा माणूस भाड्याच्या बंगल्यात, आणि राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून १९१६ ला इथंच गेला. समाधी पण रत्नागिरीतच आहे. राणी १९१९ ला परत गेली. उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या, वरच्या दालनात संगमरवरी फरशी, बाहेर ऊन असलं तरी पायाला गार लागते. आत संग्रहालय आहे, सरकारी आहे म्हटल्यावर सुट्टीचा वार आधी बघून जावा, मी एकदा गेटला हात लावून परत आलोय. जवळच थिबा पॉइंट, तिथनं भाट्याची खाडी दिसते.

टिळकांचं जन्मघर टिळक आळीत, १८५६ चा जन्म. साधं कोकणी घर, दहा मिनिटांचं काम. पतितपावन मंदिर १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी बांधलं, सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश हा त्यातला मुद्दा. शाहू महाराजांच्या गावातल्या माणसानं तरी बघावं.

नाद_खुळा_०९
एवढं कशाला, मालवणला जावा की. सिंधुदुर्ग किल्ला, होडीत बसायला मिळतंय, पाणी पण स्वच्छ. रत्नागिरीत काय, मी एका हॉटेलात सुरमई म्हणून काय खाल्लं ते देवालाच माहीत, बिल मात्र सुरमईचं.

उद्यमनगरवाला
भावा मालवण भारीच, पण आजींना होडीत कोण चढवणार आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर कोण? आणि एका हॉटेलावरनं गाव ठरवायचं तर मला बाहेरच्या एका गावात तांबड्या रश्शाच्या नावाखाली लाल पाणी दिलंय, म्हणून आपण रस्सा सोडला काय?

वहिनी, मुक्काम करणार असाल तर एक सांगतो, दुसऱ्या दिवशी पुळ्याला निवळीनं नको, आरे-वारेच्या किनाऱ्यानं जावा, पंचवीसेक किलोमीटर आहे, समुद्र सोडतच नाही तुम्हाला. पण पाण्यात उतरू नका, आरे-वारेला पण नाही आणि पुळ्याला पण नाही, दिसायला शांत असतंय पण आतनं ओढतंय. नागपूरच्या लोकांना समुद्र दिसला की पॅन्ट वर करून पळत सुटतात, मेव्हण्यांना आधीच दम देऊन ठेवा. पुळ्यात डोंगरालाच प्रदक्षिणा असते, साधारण किलोमीटरभर, सासूबाईंना तेवढी टाळायला सांगा.

जहाजं पाहिजेत तर पुळ्याहून जयगड वीसेक किलोमीटर. तिथं लांबनं कोळशाची मोठी जहाजं दिसतात, आणि जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडीसकट चढता येतंय. पलीकडं काम काही नाही, उलट्या बोटीनं परत यायचं. पोरगं खूश.

रंकाळाकाठची
गाडीसकट बोटीत! हे यांना वाचून दाखवलं तर पोराआधी हेच उठून बसले. मग ठरलं, एक रात्र रत्नागिरीत. पहिल्या दिवशी राजवाडा, टिळकांचं घर, किल्ला, मिरकरवाडा, संध्याकाळी मांडवी. दुसऱ्या दिवशी आरे-वारेनं पुळे, मग जयगड आणि परत. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पण आहे ना वाटेवर? नणंद मराठीची शिक्षिका आहे, तिला नाही दाखवलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. आणि घरी न्यायला काय घ्यायचं, हापूस तर नसणार.

माहेर_रत्नागिरी
मालगुंड पुळ्याला लागूनच आहे, जयगडला जाताना करा. केशवसुतांचं जन्मघर बघायला मिळेल, नणंदबाईंना तिथे अर्धा तास सोडून द्या आणि तुम्ही बाहेर चहा घ्या. हापूस डिसेंबरात कुठला, आंबापोळी, फणसपोळी, कोकम घ्या. आणि मिरकरवाड्याला मासे घेतलेत तर थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ घालून, झाकणाला सगळीकडून टेप मारून घ्या. आम्ही एकदा नुसती पिशवी डिकीत ठेवली, आंबा घाटात ती कलंडली, गाडी पुढे चार महिने मिरकरवाड्यातच होती.