१९९४ चं सीएनसी लेथ: नवा कंट्रोल टाकायचा की मशीनच काढून टाकायचं?

शिरोलीकर
मंडळी, मत हवंय. शिरोली एमआयडीसीत छोटं शॉप आहे, पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग टर्न करतो, म्हणजे लेथवर फिरवून कापतो. एक लेथ १९९४ चं, बेंगळुरू बनावटीचं, ८ इंची चक (जॉब पकडणारा भाग), बॉक्स गाइडवे (स्लाइड घासत सरकते ते रुंद लोखंडी मार्ग), बेड दणकट. कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, मात्र संपलाय. स्क्रीन मनात आलं तर येते, सर्व्हो कार्ड रिपेअर करून झालं, आता कार्डवालाच हात जोडतो. रेट्रोफिटचं (जुन्या लोखंडावर नवा कंट्रोल बसवण्याचं) कोटेशन ८.५ लाख: नवा कंट्रोल, एसी सर्व्हो (स्लाइड हलवणाऱ्या मोटर), स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) ड्राइव्ह, पॅनेलचं वायरिंग धरून. तेवढ्याच मापाचं नवं मशीन १८ लाख, जीएसटी वेगळा. माझं मत रेट्रोफिटकडे आहे. असं लोखंड आता या पैशात कुणी देत नाही. पटत नसेल त्यांनी खोडून काढा.

हिशेबी_भोसरी
खोडतो. १८ लाख ५ वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतले तर हप्ता ३८ हजारांच्या आसपास बसतो, आणि जीएसटीचं क्रेडिट मिळतं. वॉरंटी आहे, रात्री मशीन बंद पडलं तर फोन उचलणारं कुणीतरी आहे. रेट्रोफिटमध्ये ८.५ लाख घालून तुमच्या हातात काय येतं? डोकं नवं, स्पिंडलचे बेअरिंग, टरेट (टूल धरणारं फिरतं चाक), हायड्रॉलिक, चकचा सिलिंडर सगळं तीस वर्षांचं. उद्या विकायला काढलंत तर घेणारा कंट्रोल बघणार नाही, नेमप्लेटवरचं साल बघेल. शिवाय रॅपिड, म्हणजे कापत नसताना टूल पळवायचा वेग. जुन्या बॉक्सवेवर १० मीटर मिनिटाला मिळालं तर नशीब, आजची लिनिअर गाइडची (बॉल-रोलरवर धावणारी) मशीन २४ सहज जातात.

शिरोलीकर
साहेब, रॅपिड बुश-पिन करणाऱ्याला लागतं. माझ्या एका बॉडीला चार मिनिटं नुसतं कटिंग आहे, त्यात रॅपिडचे पाच सेकंद वाचून काय सोनं पिकणार? कास्टिंगला कातडी असते, मध्येच खाच येते, टूल आपटत जातं. तिथं बॉक्सवे हवा. शेजाऱ्याच्या हलक्या मशीनवर तोच जॉब लावला तर इन्सर्ट (टूलच्या बदलायच्या धारा) किती जातात, ते त्यालाच विचारा.

सेटर_अण्णा
तुमचं दोघांचं भांडण डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावायच्या आधीचं आहे.

आधी हे करा. डायलचा स्टँड बेडवर ठेवा, टोक टरेटला टेकवा. हँडव्हीलवर ०.०१ चा टप्पा घेऊन झेड (जॉबच्या लांबीचा अक्ष) एका दिशेला चार-पाच टिचक्या न्या, डायल शून्य करा, मग उलट फिरवा. स्क्रीनवर आकडा सरकतो आणि काटा जागचा हलत नाही, तो तुमचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा. चकजवळ बघा, मध्ये बघा, टेलस्टॉककडे बघा. शॉर्ट जॉबवाल्यांची मशीन चकजवळच्या वीतभर जागेत झिजलेली असतात आणि पुढं कोरी. फॅनक कंट्रोलच्या १८५१ पॅरामीटरमध्ये एका अक्षाला बॅकलॅशची एकच किंमत भरता येते. चकजवळ ४० मायक्रॉन आणि मागं १० असेल तर कुठली भरणार? ४० भरलं की मागं ३० ने जास्त ढकलणार. एक्सचा (व्यासाच्या अक्षाचा) तर आणखी त्रास, तिथली चूक व्यासावर दुप्पट दिसते.

झीज निघाली तर बॉलस्क्रू (स्लाइड ढकलणारा स्क्रू) बदलणं, स्लाइडला टर्साइट (कमी घर्षणाची प्लास्टिक पट्टी) लावून स्क्रेपिंग करणं, म्हणजे हातानं खरवडून सपाट करणं आलं. हे ८.५ लाखांत आहे का? नसणार. कोटेशन देणारे बहुतेक इलेक्ट्रिकलवाले असतात, ते बेडकडे बघतसुद्धा नाहीत.

तारतंत्र_पुणे
८.५ लाखांत निम्मे पैसे नुसते मोटर-ड्राइव्हचे आहेत. डीसी सर्व्हो चालू असतील तर काढता कशाला? कार्बन ब्रश बदला, आतली काजळी साफ करा. जुने ड्राइव्ह अधिक-उणे १० व्होल्टचा सिग्नल घेणारे असतील तर साधा पीसी, मेसाचं ७आय७७ कार्ड (ड्राइव्हला तो सिग्नल देणारं) आणि लिनक्ससीएनसी (पीसीलाच कंट्रोल बनवणारं सॉफ्टवेअर) टाका. सॉफ्टवेअर फुकट आहे, मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतलं, आणि पीएलसीचं (टरेट, चक वगैरेची चालू-बंद सांभाळणारं) लॉजिक तुम्हीच लिहिणार, त्यामुळे कुणाच्या पासवर्डची भानगड नाही.

सेटर_अण्णा
दादा, घरच्या वर्कशॉपला उत्तम. रात्रपाळीला कोण उभं राहतंय बघा. पोरगं आयटीआय करून आलंय, जी७१ (थरावर थर माल काढायची कमांड) चे दोन ब्लॉक त्याच्या बोटांत आहेत: पहिल्यात कटची खोली आणि रिट्रॅक्ट, दुसऱ्यात पी-क्यू, म्हणजे आकाराच्या पहिल्या-शेवटच्या ओळीचे नंबर. लिनक्ससीएनसीतही जी७१ आहे, पण तिथं क्यू म्हणजे सबरूटीनचा नंबर. माझ्याकडचे दोनशे प्रोग्रॅम कोण बदलून देणार? आणि शिरोलीत लाइट गेली की पीसीला यूपीएस बघा.

एक मात्र खरं, फॅनक टाकला म्हणून जुनं सगळं जसंच्या तसं चालतं असंही नाही. फॅनकच्या जुन्या ६टी कंट्रोलवर जी७१ एका ओळीत लिहायचे, कट डीमध्ये, दशांश पॉइंट न देता. डी२००० म्हणजे २ मिलिमीटर. ते नव्यावर तसंच घातलं की अलार्म.

हिशेबी_भोसरी
म्हणजे बॉलस्क्रू, स्क्रेपिंग, मशीन महिनाभर उघडं, तोवर जॉबवर्क बाहेर. १२ लाखांच्या पुढं गेलात. मी काय म्हणत होतो?

शिरोलीकर
डायल लावला. झेड चकजवळ ३०, मागं १० मायक्रॉन. एक्स १५. माझ्या बहुतेक जॉबला लांबीत ०.१ चालतं, बोरला ०.०५. एक्सला ते पॅरामीटरमध्ये भरून टाकलं तर निभतं. बेड घासायची गरज आत्ता तरी वाटत नाही, झेडचा स्क्रू तेवढा बदलेन. भोसरीकर, १२ लाखांना नाही पोचत.

हिशेबी_भोसरी
पंपाची बॉडी करताय तोवर ठीक. उद्या ऑटोचं काम आलं, २० मायक्रॉनचा बोर आला, की परत इथं याल. तरी करणारच असाल तर स्पिंडल एन्कोडर (स्पिंडलचं फिरणं मोजणारा सेन्सर) आणि त्याचा टायमिंग बेल्ट नवाच घाला. थ्रेडिंगचा प्रत्येक कट त्याच्याच पल्सवर धरला जातो. बेल्ट ढिला असेल तर नव्या कंट्रोललाही आटे फाटतील आणि तुम्ही शिव्या कंट्रोलला द्याल.

सेटर_अण्णा
आणि शेवटचा हप्ता देण्याआधी लॅडरची (पीएलसीच्या प्रोग्रॅमची) कॉपी, पॅरामीटरचा बॅकअप आणि नवी वायरिंग ड्रॉइंग ताब्यात घ्या. टरेटच्या क्लॅम्प-अनक्लॅम्पचं लॉजिक ज्यानं लिहिलंय त्याच्याच लॅपटॉपमध्ये राहिलं, तर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर बदलायलाही तोच यावा लागतो. बॅटरी बदलाल तेव्हा कंट्रोल चालू ठेवूनच बदला, नाहीतर पॅरामीटर पुसले जाऊ शकतात.