पोथी कुणाची? मॉर्मन चर्च सोडल्यावर घरच्या बासनापुढे पडलेला प्रश्न

संत्र्याचं वावर (मोर्शी तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना दंडवत प्रणाम.

मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात संत्र्याची कास्तकारी करतो. आमचे घर उपदेशी, म्हणजे महानुभाव मार्गातले आहे. लहानपणी आजीचे बोट धरून रिद्धपूरला स्थानांच्या दर्शनाला जात असे. पुढे शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे अमेरिकेत राहिलो. युटा राज्यात असताना २००८ मध्ये मॉर्मन चर्चचा, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती पंथाचा, बाप्तिस्मा घेतला आणि २०१७ मध्ये लेखी पत्र देऊन सभासदत्व सोडले. तिथल्या माणसांविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. आजारपणात सहा आठवडे माझ्या दारात जेवणाचा डबा ठेवणारी तीच माणसे होती. माझा आक्षेप अधिकाराविषयी आहे, आणि तो आक्षेप आता गावी येऊन माझ्याच देवघरापुढे उभा राहिला आहे, म्हणून विचारतो.

ज्या चर्चचे तरुण दोघादोघांनी दारोदार फिरून मॉर्मनचे पुस्तक फुकट वाटतात, तिथे ग्रंथ वाचायला कुणाला आडकाठी असेल असे बाहेरच्याला वाटणार नाही, आणि खरोखर तशी आडकाठी नाहीच. पण ग्रंथ हाती असणे वेगळे आणि त्या ग्रंथात काय राहावे, काय जावे हे विचारता येणे वेगळे, हे मला फार उशिरा उमगले. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी चर्च स्थापन केले आणि त्याच वर्षी जुलैत, सर्व कामे सर्वांच्या संमतीने व्हावीत असा आदेश ईश्वरी म्हणून दिला, जो त्यांच्या डॉक्ट्रिन अँड कव्हनन्ट्स या धर्मग्रंथात आजही आहे. त्याच ग्रंथाच्या १८३५ च्या आवृत्तीत, एका पुरुषाला एकच पत्नी असावी असे सांगणारे प्रकरण सभेच्या मान्यतेने घातले गेले होते. १८७६ च्या आवृत्तीतून ते गेले आणि अनेक पत्नी करण्याला आधार देणारे, १८४३ ची तारीख असलेले प्रकरण आत आले. ती आवृत्ती सभेपुढे मान्यतेसाठी ठेवली गेली ती १८८० मध्ये. पुढे १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून बहुपत्नीत्व थांबवले, आणि सभेने त्यालाही संमती दिली. तिन्ही वेळा हात वर झाले. संमती ही जर खरोखर संमती असेल, तर नाही म्हणणाऱ्याला ग्रंथात जागा कुठे आहे, हे मला नऊ वर्षांत कुणी दाखवू शकले नाही.

याहूनही मनाला लागले ते एका वहीचे. जोसेफ स्मिथ यांना तरुणपणी रानात जे पहिले दर्शन झाले असे सांगतात, त्याची त्यांनी स्वतः लिहिलेली सर्वांत जुनी हकीकत १८३२ ची आहे, आणि सभासदांना शिकवली जाते त्या १८३८ च्या हकीकतीहून ती काही बाबतींत वेगळी आहे. ती पाने वहीतून कापून काढली गेली होती, नंतर पुन्हा जोडली गेली, आणि १९६५ पर्यंत ती छापील रूपात कुणाच्या वाचनात आली नाहीत. मी त्या कापलेल्या कडांचा फोटो कितीतरी वेळ मोठा करून पाहिला आहे. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की तो फोटो मला चर्चच्याच प्रकाशनात सापडला. जोसेफ स्मिथ यांचे सगळे कागद छापण्याचा प्रकल्प चर्चने स्वतः हाती घेतला, त्याचा पहिला खंड २००८ मध्ये आला आणि काम २०२३ मध्ये पुरे झाले. दार उघडले, हे खरेच आहे. पण ते केव्हा उघडायचे हे ज्यांनी ठरवले, त्या चर्चच्या प्रमुखांनाच मी संदेष्टा, द्रष्टा आणि प्रकटकर्ता म्हणून मान्य करतो का, असे मंदिरप्रवेशाच्या मुलाखतीत दर वेळी मला विचारले जात असे, आणि एका वर्षी माझ्या तोंडून हो निघेना.

आता घरचे. आमच्या देवघरातल्या लाकडी पेटीत तांबड्या बासनात बांधलेली एक हस्तलिखित पोथी आहे. परवा मी गाठ सोडून पहिले पान पाहिले. अक्षरे नागरीच्या वळणाची, ओळखीची वाटणारी, पण जुळवून वाचायला गेले की एकही शब्द लागत नाही. आत्या ओरडली की महंतांना विचारल्याशिवाय पोथी सोडायची नाही. मी एका आश्रमात जाऊन विचारले, तर तिथल्या बाबाजींनी शांतपणे सांगितले की अनुसरण, म्हणजे पंथाचा संन्यास, घेतले नाही त्याला ही अक्षरे शिकवत नाहीत. मी दुखावून परत आलो. एक पान सात समुद्रांपलीकडे कपाटात पडून होते आणि एक माझ्या घरात पणजोबांपासून पडून आहे. या दोन कुलपांत फरक आहे का, की माझ्या मनाला तिकडची जखम इकडे दिसते आहे?

परतवाड्याचा मास्तर यांचे उत्तर

आपला प्रश्न मनापासून आलेला आहे, म्हणून उत्तरही मोजूनमापून देतो. मी निवृत्त मराठीचा शिक्षक आहे, पंथाचा नाही.

आपल्या पोथीची अक्षरे बहुधा सकळ लिपीची असावीत. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा अनेक सांकेतिक लिपी वापरल्या. सकळ लिपीत वर्णांची अदलाबदल केलेली असते, त्यामुळे डोळ्याला नागरी दिसते आणि जिभेला काही लागत नाही. स्वकीयांचा विरोध, उत्तरेकडून येणाऱ्या फौजांची धास्ती आणि आपल्या शास्त्राचा विटाळ होऊ नये ही भावना, अशी कारणे अभ्यासक देतात, आणि त्यांतले एकच खरे मानून बाकीची टाकून द्यावीत असे मला वाटत नाही. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली आणि ती आठवणींतून पुन्हा जुळवावी लागली, असे पंथाची परंपराच सांगते. ज्यांचा ग्रंथ एकदा असा हातचा गेला, त्यांनी पुढचा गाठी मारून ठेवला, हे समजण्यासारखे आहे.

परंतु मला या इतिहासात सतत बोचत आलेली गोष्ट दुसरीच आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी तेराव्या शतकात आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले. त्यांच्यानंतर आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांपुढे केसोबासांसारख्या विद्वान शिष्याने संस्कृतात लिहिण्याची इच्छा दाखवली, तेव्हा त्यांनी ती मोडून काढली, कारण त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे लुबाडल्या जातील, असे ते म्हणाले. जगात धर्मशास्त्राची भाषा कोणती असावी यावर पुष्कळ वाद झाले, पण निवाडा करताना निरक्षर म्हातारीचे नुकसान पहिले मोजणारा आचार्य मला दुसरा आढळला नाही. आणि त्याच परंपरेत दोन पिढ्यांच्या आत ती मराठी अशा अक्षरांत गेली की म्हातारीच काय, शेजारच्या गावचा पंडितही ती वाचू शकला नसता. आपल्या मॉर्मन उदाहरणाशी तुलना करायची तर ती इथे होते: आरंभीचे वचन सर्वांसाठी होते, आणि पुढे व्यवस्था बसली तशी किल्ली थोड्यांकडे गेली.

या बंदिस्तपणाची किंमत पंथानेच मोजली. ग्रंथ कुणाला दिसत नव्हते, तेव्हा बाहेरच्यांनी ती मोकळी जागा निंदेने भरली. मानभावी हा शब्द आपण आजही ढोंगी या अर्थाने सहज वापरतो. तो याच पंथाच्या नावावरून आलेला आहे, आणि मी वर्गात तो कधी वापरू दिला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी लिपी उलगडल्या, आणि पुढे आपल्याच विदर्भातल्या य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी आयुष्य घालून ग्रंथ संपादिले, तेव्हा मराठी गद्याचा आरंभच आपल्या हाती आला. पंथातल्या काही महंतांनी विश्वासाने पोथ्या पुढे केल्या नसत्या, तर या विद्वानांना काही करता आले नसते, हे मात्र विसरू नये.

लिपीचे तक्ते आज छापील मिळतात. आपल्याला कुणाची परवानगी कायद्याने लागत नाही. आत्याबाईंची लागते की नाही, हे आपले आपण ठरवा.

तपस्विनीची भाची (दर्यापूर) यांचे उत्तर

दादा, दंडवत प्रणाम. मास्तरांनी म्हातारीची गोष्ट सांगितली, तर त्या म्हातारीच्या बाजूने मला दोन शब्द बोलू द्या.

माझी मावशी बावीस वर्षांची असताना संन्यास घेऊन आश्रमात गेली. तिला शाळेत चौथीपुढे कुणी घातले नव्हते. आज ती सूत्रपाठ, म्हणजे स्वामींच्या वचनांचा संग्रह, मुखोद्गत म्हणते, आणि एखादे सूत्र कोणत्या प्रसंगी, कुणाला, कशासाठी सांगितले गेले हे प्रकरणासह उलगडून सांगते. हे तिला अक्षरांतून मिळाले नाही, पहाटेच्या निरूपणात वर्षानुवर्षे बसून मिळाले. सूत्र म्हणजे चार-पाच शब्दांचे वाक्य. प्रसंग माहीत नसेल तर त्याचा भलताच अर्थ निघतो. बाबाजींनी तुम्हाला अक्षरे शिकवायला नकार दिला, त्यामागे ग्रंथ लपवण्याची बुद्धी असेलच असे मानू नका. आधी ऐक, मग वाच, अशी ती रीत आहे.

तुमची तुलना मला म्हणूनच पुरती पटत नाही. तुम्ही सांगता त्याप्रमाणे तिथे हकीकतीची पाने कापली गेली आणि ग्रंथातले प्रकरण बदलले गेले. इथे लिपी बदलली, पण त्याखालचा शब्द राखण्यासाठी नकलाकारांनी जिवाचे रान केले. पाठभेदसुद्धा जपून लिहून ठेवले. लपवणे आणि बदलणे यांना एका मापाने मोजू नये.

तरीही तुमच्या दुखावण्यात एक खरेपण आहे आणि ते मी झाकणार नाही. मावशीला सगळे येते, पण सभेत निरूपणाला गादीवर कोण बसते, याचे उत्तर तिच्यापर्यंत फार क्वचित पोहोचते. महदाईसेने रिद्धपुरात चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नसोहळ्यात धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले, तिला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो, आणि तिनेच प्रश्न विचारून विचारून स्वामींकडून किती ज्ञान काढून घेतले हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न विचारणारी बाई या मार्गाच्या मुळाशी आहे. तुमच्या आत्याला पोथीविषयी भीती का वाटते, हे तिला एकदा बसून विचारा. महंतांना नंतर विचारले तरी चालेल.

अचलपूरकर यांचे उत्तर

मी चार पिढ्यांचा प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहे, त्यामुळे एवढेच जोडतो. आमच्याकडे १८११ मध्ये सेरामपूरला मराठी नवा करार छापला गेला, तरी तो खेड्यातल्या बाईला कळेल असा नव्हता. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये संपूर्ण छापून निघाले. छापखान्याची शाई आणि कळणारा शब्द यांच्यामध्ये इथे एक शतकाहून जास्त काळ गेला. ग्रंथ उघडा करणे हे एका दिवसाचे काम नसते, म्हणून बाबाजींच्या एका नकारावरून घाईने निष्कर्ष काढू नका, आणि विचारणेही सोडू नका.

संत्र्याचं वावर यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आंबिया बहाराच्या पाण्याची गडबड होती म्हणून लिहायला तीन आठवडे लागले.

ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी आत्याला विचारले. तिला शापाची भीती नव्हती. आजोबा गेल्यावर भाऊबंदांपैकी कुणीतरी एक पोथी वाचायला म्हणून नेली आणि ती परत आलीच नाही. तेव्हापासून गाठ सोडायची नाही असा घरात नियम झाला आणि महंतांचे नाव त्या नियमाला नंतर चिकटले. मी चाळीस वर्षे ज्याला धर्माज्ञा समजत होतो, ते एका चोरीचे दुःख होते.

मग तिच्याच परवानगीने आम्ही पोथी पाटावर ठेवली. मी लिपीचा छापील तक्ता शेजारी घेऊन एकेक अक्षर बदलून वहीत नागरीत उतरवत गेलो. पहिली ओळ लागायला पाऊण तास गेला. दुसऱ्या ओळीचे तीन शब्द मी अडखळत मोठ्याने वाचले आणि चौथ्यासाठी तक्त्यात बोट फिरवत असताना, दाराशी तूर निवडत बसलेल्या आत्याने सूप खाली न ठेवता ती ओळ पुरी केली. पुढचीही म्हटली. मग मी वाचणे सोडून तिच्या तोंडून ऐकत पोथीत बोट ठेवत गेलो, आणि अक्षर अक्षराशी जुळत गेले. दोन ठिकाणी तिचे म्हणणे आणि पोथी यांत एका शब्दाचा फरक आला. ती म्हणाली, लिहिणाऱ्याचे चुकले असेल. मी म्हटले, तुझेही चुकले असेल. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की दोन्ही लिहून ठेव.

मास्तर, त्या दोन जागा वहीत उतरवून ठेवल्या आहेत. आत्याचा पाठ शाईने लिहिला आहे आणि पोथीचा त्याच्या खाली, तसाच शाईने. सोमवारी ती वही घेऊन आम्ही दोघेही बाबाजींकडे जाणार आहोत, आणि विचारायचे काय ते आत्या विचारणार आहे.