मदत हवी आहे: ऑक्सिमीटरवर ९८, तरी आईला धाप का लागते?

आई ६४ वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते. घर पहिल्याच मजल्यावर, तरी वळणावर पिशवी पायरीवर टेकवते आणि कठडा धरून उभी राहते. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात होता. बोटं बदलून तीनदा लावला: ९७, ९८, ९८. तो आकडा बघून आम्ही निश्चिंत राहिलो, याचं आता फार वाईट वाटतं. परवा डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरी. एचबी (हिमोग्लोबिन) ७.१ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, रक्त कुठे जातंय ते शोधायला पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत.

औषध विचारत नाही, मला हे समजून घ्यायचंय. हवेतला ऑक्सिजन श्वासनलिकेतून वायुकोशांत जातो, तिथून केशवाहिन्यांत, मग हृदयाच्या डाव्या बाजूला आणि महाधमनीतून अंगभर, एवढं शाळेतलं आठवतं. रक्तात ९८ टक्के ऑक्सिजन असेल तर पायांना कमी का पडतो? शिवाय मामा म्हणतोय, घरी सिलिंडर आणून ठेवू. आणावा का?

प्रतिसाद
ताई, मी लॅबमध्ये काम करतो, हा गोंधळ रोज बघतो. ९८ म्हणजे रक्तात ९८ टक्के ऑक्सिजन नव्हे. ऑक्सिजन वाहून नेणारं जेवढं हिमोग्लोबिन रक्तात आहे, त्यातल्या ९८ टक्के जागा भरल्यात, एवढंच. उन्हाळ्यात गावाला चौदा टँकर लागतात आणि येतात सातच. सातही काठोकाठ भरलेले असले तरी निम्म्या गावाचे हंडे रिकामेच राहणार.

हिशोब असा: १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन उचलतं. एचबी १४ असेल तर १०० मिली रक्तात सुमारे १८ मिली ऑक्सिजन, आईंच्या रक्तात जेमतेम ९. हिमोग्लोबिनला न चिकटता नुसता विरघळून जाणारा ऑक्सिजन ०.३ मिली, म्हणजे नगण्य. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून भरलेल्या-रिकाम्या हिमोग्लोबिनचं प्रमाण काढतो. एकूण हिमोग्लोबिन किती, हे त्याला कळत नाही. टँकर कमी म्हणून हृदय खेपा वाढवतं. नाडी किती असते?

धागाकर्ती
आत्ताच बघितली. बसल्या जागी ९८, जिना चढून आल्यावर १२६! हा आकडाही त्याच पडद्यावर होता हो. आम्ही फक्त वरचा बघत राहिलो.

प्रतिसाद
हे डॉक्टरांना आकड्यांसकट सांगा. सिलिंडरचं म्हणाल तर टँकर आधीच भरलेत, त्यांत अजून किती ओतणार? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणू नका. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र थांबू नका, थेट दवाखाना गाठा. आणि लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळपट होते, त्याने घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर ते पोटातलं रक्त असू शकतं, लगेच दाखवा.

धागाकर्ती
मनापासून आभार. शौचाचं आईला विचारलंच नव्हतं. आता विचारलं तर म्हणाली, गोळ्या सुरू व्हायच्या आधीपासूनच तशी चिकट होते, लाजून बोलली नाही. डॉक्टरांना फोन केलाय, आत्ताच घेऊन या म्हणाले. निघतोय.