लॅपटॉप मध्येच विझतो, दुकानात मात्र गुणी बाळ

अक्षरजुळणी_मिरज:
२०१३चा लॅपटॉप, आय-थ्री, ४+४ जीबी रॅम. लग्नपत्रिकांची कामं करते. आठवड्यातून तीन-चारदा दिवा गेल्यासारखा विझतो. ना निळा पडदा, ना काही सूचना. परवा पत्रिका सेव्ह करायच्या आत गेला, मुलीच्या मामांची यादी परत टाइप केली. मामा अकरा! दुरुस्तीवाल्याकडे दोन दिवस ठेवला, तिथे एकदाही बंद पडला नाही. तरी म्हणे मदरबोर्ड गेला, ९ हजार. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) दर वेळी कर्नल-पॉवर ४१ दिसतं. म्हणजे बोर्डच ना?

झाळकाम:
नाही हो ताई. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं, एवढंच. का, ते त्यात नसतं. हँग होऊन अडकतो की थेट विझतो? अडकत असेल तर आधी रॅम आणि डिस्क बघायची. थेट विझत असेल तर सप्लाय, नाहीतर तापणं. पंख्याच्या जाळीशी हात धरून बघा. बॅटरी टिकते किती?

अक्षरजुळणी_मिरज:
थेट विझतो. जाळी कोमटच. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली, चार्जरवरच चालवते.

खोडरबर_काका:
रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने पुसा. माझा तसाच बरा झाला.

झाळकाम:
काका, आत्ता नको. दोन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा ते कळत नाही.
ताई, मेख बॅटरीतच आहे. ती धड असती तर चार्जर क्षणभर तुटलेला तुम्हाला कळलाही नसता. दुकानात बहुतेक त्यांचाच चार्जर लावला असेल. सगळं सेव्ह करा आणि पिनेजवळची वायर हळूहळू वाकवून बघा. आणि मेलेली बॅटरी फुगली असेल तर काढून ठेवा, दाबू-टोचू नका.

अक्षरजुळणी_मिरज:
तिसऱ्यांदा वाकवली आणि विझला! वायर पिनेच्या गळ्याशीच तुटलीय, वरून काही दिसत नाही. भावाचा चार्जर लावलाय, तोही १९.५ व्होल्ट, ६५ वॅट, पिन तीच. नऊ दिवसांत एकदाही विझला नाही. काल मात्र एकदा हँग झाला, माउससुद्धा हलेना. काका, आता तुमची पाळी.

खोडरबर_काका:
आधी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम. पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा, एका फेरीवर विसंबू नका. लाल ओळी (म्हणजे चुका) आल्या तर एकच रॅम ठेवून परत, मग दुसरी. खोडरबर त्यानंतर. आणि पुसताना चार्जर, बॅटरी दोन्ही काढलेलं हवं.