दिवस आई ठरवते की पिल्लू?

वर विचारलंय, वेताचा दिवस आई ठरवते की पिल्लू? शेळ्यामेंढ्यांत तरी पिल्लूच. दिवस भरत आले की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं. मग आईच्या अंगात गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घसरतं, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन चढतं, गर्भाशयाला आकुंचन पावायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि कळा सुरू होतात. न्यूझीलंडचे संशोधक लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात मेंढीच्या गर्भाचीच पिट्युटरी, म्हणजे कॉर्टिसॉल वाढवायचा हुकूम देणारी मेंदूच्या तळाची ग्रंथी, निकामी केली, तर दिवस उलटले तरी मेंढी व्यायली नाही! किती विलक्षण आहे हे.

सिन्नरला आमची आजी शेळीच्या शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे बोटं दाबून बघायची. तिथल्या ताठ शिरा (रक्तवाहिन्या नव्हे, हाडं जोडणारे बंध) लोण्यासारख्या मऊ लागल्या की म्हणायची, "आज रात्री जागायचं." तीही हार्मोनचीच करामत.

माणसात मात्र बाळंतपणाआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन असं घसरत नाही, म्हणून शेळीचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका.