पाण्यावर पडलं की पाय खाली जातात: मोठ्या वयात पोहणं शिकलेल्यांनो, मदत हवी आहे

नमस्कार. माझं वय ४३. पोहणं शिकायला लागून आज २२ दिवस झाले. त्याआधी कधी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरले नव्हते.

काठाची दांडी धरून पाय मारणं जमतं. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) हातात असला की मध्ये एकदोनदा थांबत तलावाची रुंदी पार होते. बोर्ड सोडला की मात्र सगळं बिघडतं. पालथी पडले तर आधी पाय खाली जातात, मग कंबर, आणि मी धडपडत उभी राहते. चेहरा पाण्यात घालून दम धरते, पण दहा-पंधरा सेकंदांत छाती दाटून येते.

गेल्या आठवड्यात सरांनी उताणं तरंगायला लावलं. पाठीखाली त्यांची दोन बोटं होती. कान पाण्यात गेले, बाहेरचा सगळा आवाज बंद झाला, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. चार-पाच श्वास फार छान गेले. मग बोटं निघाल्याचं कळलं आणि पाय वर आहेत का ते बघायला मी मान उचलली. तेवढ्यात कंबरेत घडी पडली, बूड खाली गेलं, नाकात पाणी शिरलं. पाणी माझ्या छातीइतकंच होतं, तरी पाय तळाला लागेनात. दोनच सेकंद गेले असतील. पण तेव्हापासून पाण्यावर अंग टाकायचं धाडसच होत नाही.

तर, पाय खाली का जातात? माझं वजन जास्त आहे, त्यामुळे का? फ्रीस्टाइलमध्ये (पालथं पडून आळीपाळीनं हात मारत पोहताना) तोंड वळवलं की प्रत्येक वेळी पाणी तोंडात येतं, त्याचं काय करू? काही जण म्हणतात आधी ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) शिक, ते सोपं पडेल. खरं का?

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. ती पाण्यात असते तेव्हा मी काठावर टॉवेल घेऊन बसते. मला तिच्याबरोबर पाण्यात असायचं आहे. आणि कधी वेळ आलीच तर तिच्यापर्यंत पोचता यायला हवं.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना पोहायला शिकवतोय. तुमचं वर्णन वाचून एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसते. तरंगणं तुम्हाला येतंय, ते चार-पाच श्वास म्हणजे तरंगणंच होतं. येत नाहीये ते तरंगता तरंगता पुन्हा उभं राहणं. आणि उभं राहता येईल याची खात्री नसेल तर शरीर सैल पडतच नाही. म्हणून पुढचे चार दिवस बाकी सगळं बाजूला ठेवा आणि फक्त उभं राहायला शिका.

पालथं असताना: दोन्ही गुडघे पोटाशी घ्या. मग पुढे असलेले हात सरळ खाली, मांड्यांकडे दाबत आणा. त्या दाबानं धड आपोआप उभं व्हायला लागतं. मान वर येते ती त्यानंतर, आणि पाय तळाला टेकवायचे ते सगळ्यात शेवटी.

उताणं असताना: हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाशी, आणि बाजूला पसरलेले हात पाण्याखालून मागून पुढे आणा, ओंजळीनं पाणी पुढे लोटल्यासारखे. खुर्चीत बसल्यासारखी अवस्था येते. मग पाय खाली सोडा.

छातीइतक्या पाण्यात तुमचे पाय टेकले नाहीत, कारण तुम्ही ते लांब ताणून तळ शोधत होतात. ताणलेले पाय पुढे पळतात आणि धड मागे कलतं. गुडघे पोटाशी घेतले की शरीर आखूड होतं आणि चटकन फिरतं. उथळ बाजूला, काठापासून हातभर अंतरावर, तरंगा-उभ्या राहा, तरंगा-उभ्या राहा, असं रोज वीस वेळा करा. सरांना शेजारी उभं राहायला सांगा.

आता दमाचं. छाती दाटते ती प्राणवायू संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की शरीर श्वास मागतं. दम कोंडून ठेवला की त्या वायूला बाहेर जायला वाटच उरत नाही. चेहरा पाण्यात असताना तोंड मिटून गुणगुणल्यासारखं 'म्म्म' करा. नाकातून बारीक, सतत बुडबुडे निघाले पाहिजेत. नाकातून हवा बाहेर येत असली की पाणी आत शिरत नाही, हा आणखी एक फायदा.

उताणं तरंगताना याच्या उलट. तिथे तोंड बाहेरच असतं, म्हणून छाती भरलेली ठेवायची. श्वास झटकन सोडायचा, झटकन घ्यायचा आणि थोडा वेळ आत ठेवायचा. पूर्ण श्वास सोडलात तर शरीर खाली गेल्याचं जाणवेल.

आणि एक कळकळीची विनंती. जास्त वेळ दम टिकावा म्हणून भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारायचा प्रयोग कधीही करू नका. त्यानं कार्बन डायऑक्साइड आधीच कमी होतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच उशिरा मिळते आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो. चांगले पोहणारे यात गेले आहेत.

प्रतिसाद २

वजनाची काळजी सोडा. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, तरंगायला तिची मदतच होते. अडचण आमच्यासारख्या हडकुळ्या लोकांची. मी श्वास भरून निवांत पडलो तरी पाय हळूहळू खाली जातातच.

कारण असं, की फुप्फुसं छातीत असतात, म्हणून पाणी आपल्याला वर उचलतं ते मुख्यतः छातीपाशी. वजनाचा मध्य मात्र त्याच्या खाली, कंबरेच्या आसपास. एक बळ वर, दुसरं खाली, आणि दोन्ही एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर फिरतं. त्यालाच आपण पाय बुडाले म्हणतो. उपाय दोन. हात डोक्याच्या पलीकडे लांब करा, म्हणजे वजनाचा मध्य छातीकडे सरकतो. आणि डोकं पाण्यात टेकू द्या. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर उचललंत तर पाणी त्याचा भार घेत नाही, तो उरलेल्या शरीरावर पडतो आणि पाय खाली जातात. म्हणजे पाय बघायला मान उचलली, तीच पाय जायचं कारण झाली. उताणं असताना नजर छताकडे, कान पाण्यात, आणि बेंबी वर ढकलायची.

शरीर अगदी आडवं राहिलं पाहिजे असंही नाही. थोडं तिरकं राहून तोंड बाहेर असेल तर तेही तरंगणंच. समुद्राचं पाणी तलावातल्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, तिथे माझेही पाय बरे वर राहतात.

प्रतिसाद ३

पाय मारण्याबद्दल लिहिते, कारण माझे दोन महिने त्यात गेले. मी धावणारी. मांड्यांत जोर भरपूर, पण बोर्ड धरून पाय मारले की जागची हलायची नाही, एकदा तर चक्क मागे सरकले. घोटे ताठ होते. पाऊल जमिनीवर असतं तसं काटकोनात राहिलं की ते पाणी पुढे ढकलतं आणि आपण मागे जातो.

पाय मारायचा तो खुब्यातून. गुडघा जरासाच वाकतो, आणि पाऊल ओल्या फडक्यासारखं मागून लपकत येतं. चवडे ताणलेले, पण पोटऱ्या आवळलेल्या नाहीत. सायकल चालवल्यासारखे गुडघे पोटाखाली येत असतील तर ती चूक. काठावर बसून पाय पाण्यात सोडा आणि मारून बघा. पाणी उडत असेल तर पाय फार वर येतोय. पृष्ठभाग नुसता उकळल्यासारखा दिसला पाहिजे. पायांमधलं अंतर फूटभर पुरे.

मी रोज रात्री टाचांवर बसून पावलांचा वरचा भाग पाच मिनिटं ताणायचे. गुडघे दुखत असतील तर तसं बसू नका, खुर्चीवर बसून हातानं पाऊल ताणा. फरक पडायला महिना लागला, पण पडला. पोटरीत गोळा आला तर थांबायचं, काठ धरायचा आणि चवडा स्वतःकडे ओढायचा.

प्रतिसाद ४

माझं मत: ब्रेस्टस्ट्रोकच आधी. तोंड समोर येतं, कुठे चाललोय ते दिसतं, दम कमी लागतो. हात मारा, श्वास घ्या, पाय मारा आणि मग लांब होऊन सरकत राहा. ते सरकणं विसरू नका, नाहीतर नुसती दमछाक.

प्रतिसाद १ (पुन्हा)

इथे मी सहमत नाही. ब्रेस्टस्ट्रोकचा पाय सगळ्यांत अवघड. टाचा बुडाकडे आणायच्या, पावलं बाहेर वळवायची आणि तळव्याच्या आतल्या बाजूनं पाणी मागे रेटत पाय जुळवायचे. पावलं वळवायला विसरलं की ढकलच मिळत नाही, आणि गुडघे फार फाकवले तर आतल्या बाजूला दुखायला लागतात. शिवाय नवशिका मान सतत वर ठेवून पोहायला लागतो, म्हणजे पुन्हा पाय खालीच. ताईंचा प्रश्न बघता आधी उताणं तरंगणं, मग त्यातच पाय मारणं, मग बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पडून हातही मारणं. त्यात श्वासाची काळजी नसते आणि पायाची तीच हालचाल पुढे फ्रीस्टाइलला कामी येते.

प्रतिसाद ५

तोंडात पाणी येण्याबद्दल. तोंड वळवल्यावर आधी श्वास सोडून मग घेत असाल तर वेळ पुरणारच नाही. सोडणं पाण्यातच संपवायचं, वर फक्त घेणं. आणि डोकं उचलायचं नाही, खांद्यांबरोबर फिरवायचं. गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. पुढे सरकताना डोक्यापुढे पाण्याची लाट उठते आणि तिच्या मागे, गालापाशी, खळगा पडतो. श्वास त्या खळग्यात घ्यायचा.

सरावासाठी एका कुशीवर पडा, खालचा हात पुढे लांब, वरचा मांडीवर, आणि नुसते पाय मारत राहा. नजर तळाकडे, बुडबुडे चालू, सहा वेळा पाय मारले की मान वळवून एक श्वास. मला याच सरावानं फ्रीस्टाइल उमगलं.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना प्रतिसाद वाचून दाखवले, त्यांनी लगेच मान्य केलं.

पहिले तीन दिवस फक्त तरंगणं आणि उभं राहणं. दुसऱ्या दिवशी चौदाव्या वेळी गुडघे न सांगता पोटाशी आले, हात दाबले गेले आणि मी सरळ उभी. पाण्याचा थेंब नाकात नाही. त्यानंतर अंग खरंच सैल पडलं. काल उताणी पडून मनातल्या मनात ६० पर्यंत मोजलं. पाय थोडे खाली होते, तोंड पूर्ण वेळ बाहेर होतं. 'म्म्म' करत पालथं सरकतानाही छाती आता तशी दाटत नाही. घोटे अजून ताठच आहेत. कुशीवरचा सराव डाव्या बाजूला जमतो, उजवीकडे नाही.

आता एकच प्रश्न. पाय टेकत नाहीत अशा ठिकाणी जागच्या जागी राहायचं कसं? मुलगी खोल बाजूला अडकली तर मला ते यायला हवं.

प्रतिसाद १

ऐकून फार बरं वाटलं.

उभं पोहणं उथळ बाजूला, पाय टेकत असतानाच सुरू करा. हात छातीसमोर पाण्याखाली आडवे, लोण्याचा थर सारवल्यासारखे बाहेर-आत, बाहेर-आत. बाहेर जाताना अंगठा किंचित खाली, आत येताना किंचित वर, म्हणजे दोन्ही वेळा तळवा पाणी खाली दाबतो. पायांनी आळीपाळीनं गोल फिरवत पाणी खाली ढकलायचं. वॉटर पोलोचे (पाण्यातल्या चेंडूच्या खेळाचे) खेळाडू असेच तासभर राहतात. हनुवटी पाण्यालगत ठेवा. खांदे बाहेर काढायला गेलात तर पाच मिनिटांत दमाल. दमलात तर उताणं पडायचं, ते तर आता येतंच.

मुलीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. ती अडचणीत दिसली तर तुम्ही पाण्यात उतरू नका, निदान अजून वर्षभर तरी. घाबरलेलं मूल वाचवायला आलेल्याला घट्ट धरतं, त्याच्या डोक्यावर चढतं, आणि मग दोघंही बुडतात. आधी ओरडून जीवरक्षकाला बोलवा. काठावर आडवं पडून हात, टॉवेल, बांबू, जे असेल ते तिच्यापर्यंत पोचवा, नाहीतर तरंगणारी वस्तू फेका.

आणि बुडणारं माणूस बहुतेकदा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असतं, श्वासच पुरत नाही तर आवाज कुठून निघणार. डोकं मागे पडलेलं, हात बाजूला पाणी दाबत, पाय चालत नाहीत, आणि हाक मारली तर उत्तर नाही. खेळणारं मूल आवाज करतं. आवाज थांबला की बघायचं. म्हणून काठावर टॉवेल घेऊन बसता ना, तेव्हा मोबाइल पिशवीत ठेवा.

धागाकर्ती

ठेवते. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्यापासून उथळ बाजूला उभं पोहणं. लेकीलाही तिच्या बाजूनं उताणं पडून हाक मारायला शिकवते, ती म्हणतेय आपण दोघी शेजारी पडून मोजू.